पंच एकाचा, फुटेजमध्ये दुसराच: गेटवरचं हजेरी मशीन आणि कॅमेरा जुळत नसतील तर

तक्रार साधारण अशी असते. हजेरीच्या रिपोर्टमध्ये एका कामगाराचा पंच सकाळी ७:०२ चा दिसतो. शंका आली म्हणून गेटच्या कॅमेऱ्याचं ७:०२ चं फुटेज लावलं, तर तिथे भलताच माणूस उभा असतो किंवा कोणीच नसतं. मग मशीनवाल्याला फोन, तो कॅमेरेवाल्याकडे बोट दाखवतो आणि कॅमेरेवाला मशीनकडे. कोणीतरी येऊन काहीतरी दुरुस्त करतं आणि महिना-दोन महिन्यांत तोच घोळ पुन्हा उभा राहतो. सातपूर-अंबडमधली तीस कामगारांची मशीन शॉप असो, सिन्नरचा कारखाना असो की पिंपळगाव बसवंतचं द्राक्षांचं पॅकहाउस, या तक्रारीत फारसा फरक पडत नाही.

नवीन मशीन घ्यायचा विचार आधी बाजूला ठेवा. यातला मोठा भाग घड्याळाचा असतो. उरलेला बराचसा आधीच्या दुरुस्तीतूनच आलेला असतो: बोट घेत नाही म्हणून कोणीतरी मशीनची बोट जुळवण्याची अट सैल केलेली असते. म्हणून तपासणी या क्रमानेच करा. घड्याळ बरोबर नसताना बाकी काहीही तपासण्यात अर्थ नाही.

घड्याळ: एक नाही, तीन

गेटवर एकच वेळ चालू आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात निदान तीन घड्याळं असतात. हजेरी मशीनचं एक. आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्याचं स्वतःचं दुसरं; चित्रावर कोपऱ्यात उमटते ती वेळ त्याची. आणि एनव्हीआरचं, म्हणजे या कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणाऱ्या पेटीचं तिसरं. फुटेज शोधताना खालच्या पट्टीवर जी वेळ आपण निवडतो, ती या तिसऱ्याची. त्यामुळे पट्टीवर ७:०२ आणि चित्रावर ६:५७ असंही दिसू शकतं. जुन्या डीव्हीआर आणि अॅनालॉग कॅमेऱ्यांच्या सिस्टीममध्ये चित्रावरची वेळ बहुधा डीव्हीआरच टाकतो, म्हणून तिथे सहसा दोनच घड्याळं भेटतात.

चाचणी अशी करा. मोबाईलची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्यावर ठेवा आणि सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा. मोबाईलची स्क्रीन कॅमेऱ्याकडे धरून मशीनवर पंच करा. मग तीन आकडे लिहून काढा: पंचच्या नोंदीतली वेळ, चित्रावरची वेळ आणि एनव्हीआरच्या पट्टीवरची वेळ. प्रत्येकाचा मोबाईलशी किती फरक आहे ते शेजारी मांडा. काहीही बदलण्याआधी या कागदाचा फोटो काढून ठेवा. घड्याळ एकदा सरळ केलं की आधीचं फुटेज किती चुकीचं होतं हे नंतर सांगता येत नाही, आणि मागच्या महिन्याचे वाद त्याच फुटेजवर सुटायचे असतात.

आता फरकाचा आकडा पाहा. बहुतेक वेळा तोच कारण सांगतो.

बरोबर अडीच तास पुढे: उपकरण चीनच्या वेळेवर, म्हणजे जीएमटी +८ वर आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांची आणि एनव्हीआरची कारखान्यातून येतानाची सेटिंग हीच असते.

बरोबर साडेपाच तास मागे: टाइम झोन शून्यावर आहे.

बरोबर अर्धा तास पुढे किंवा मागे: यादीत +५:३० न सापडल्याने कोणीतरी +६ किंवा +५ निवडलं आहे. यादी आणखी खाली सरकवा, +५:३० बहुतेक वेळा असतंच.

बरोबर एक तास: डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची परदेशी सोय, चालू राहिली आहे. भारतात तिचा काही संबंध नाही, कायमची बंद करा.

तारीखच २००० किंवा १९७० ची: आतला सेल गेला. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाणेसेल असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदलूनच टाका. काही मशीनमध्ये तो बोर्डवर टाका मारून बसवलेला असतो, तिथे पायवाला सेल मागवावा लागतो.

काही मिनिटांचा, दर महिन्याला वाढत जाणारा फरक: वेळ कुठूनच घेतली जात नाही, घड्याळ आपल्या मनाने चाललं आहे. घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलमध्ये दर दहा लाख सेकंदांना २० सेकंदांची चूक धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला जवळपास एक मिनिट. वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात हे आणखी बिघडतं.

‘काल बरोबर केलं, आज पुन्हा तसंच’ यामागचं खरं कारण टाइम झोन. कोणीतरी हाताने वेळ बरोबर करतो, पण झोन +८ चाच राहतो. रात्री उपकरण इंटरनेटवरून वेळ घेतं, त्यात आपला झोन मिळवतं आणि सकाळी पुन्हा अडीच तास पुढे. म्हणून आधी झोन, मग वेळ.

सगळ्यांना वेळ एकाच ठिकाणाहून

एनव्हीआरमध्ये एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घ्यायची सोय, चालू करा. सर्व्हर म्हणून नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’ किंवा केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेचा ‘समय१ डॉट एनआयसी डॉट इन’ टाका (पत्ता भरताना अर्थात रोमन अक्षरं आणि टिंब). सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही याच दोन संस्थांच्या सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलं आहे. वेळ जुळवण्याचं मध्यांतर अनेक ठिकाणी १४४० मिनिटांचं, म्हणजे दिवसातून एकदा असतं. ते ६० करा.

चाचणीचं बटण दाबल्यावर फेल आलं तर दोन गोष्टी बघा. एक, उपकरणाला हाताने आयपी दिला असेल तर गेटवे आणि डीएनएस रिकामे राहिलेत का. ही चूक इतकी सर्रास होते की आधी तिथेच बघावं. दुसरं, कंपनीच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट बंद आहे का.

एनव्हीआरच्या मागच्या पीओई पोर्टला (एकाच केबलमधून वीज आणि नेटवर्क देणाऱ्या) थेट लावलेले कॅमेरे वेगळ्या आतल्या नेटवर्कवर असतात, ते इंटरनेटपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांना वेळ एनव्हीआरकडूनच मिळायला हवी. तशी सेटिंग चालू आहे का ते बघा. स्वतंत्र स्विचवर असलेल्या कॅमेऱ्यांना एनटीपी सर्व्हर म्हणून एनव्हीआरचा आयपी द्या, तो ही सेवा देत असेल तर. नसेल तर राउटरचा द्या.

हजेरी मशीनचं प्रकरण थोडं वेगळं आहे. स्वस्त मशीनमध्ये एनटीपी नसतंच. ते वेळ हजेरीच्या सॉफ्टवेअरकडून घेतात आणि सॉफ्टवेअर अकाउंट्सच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून. त्या जुन्या कॉम्प्युटरचा सेल गेला असेल तर तो रोज सकाळी सुरू होताच आपली चुकीची वेळ मशीनवर ढकलतो. अशा वेळी मशीनला कितीही दोष द्या, उपयोग नाही. विंडोजमध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सिंक नाऊ’ करा, सेल बदला आणि सॉफ्टवेअरमध्ये दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी मशीनची वेळ जुळवण्याचं काम लावा. ते शिफ्ट बदलाच्या वेळी नको. दुपारी बारा-साडेबारा बरं.

महावितरणची लाइट गेली-आली की आणखी एक गंमत होते. मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होतं, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. मशीनने सुरू होताना वेळ मागितली, मिळाली नाही आणि पुढचा प्रयत्न थेट दुसऱ्या दिवशी. राउटर आणि स्विच दोन्ही मशीनच्याच यूपीएसवर घ्या.

घड्याळ जुळलं, तरी माणूस वेगळाच

आता खरा बायोमेट्रिकचा प्रश्न सुरू होतो. पंचच्या नोंदीत ‘व्हेरिफाय मोड’चा रकाना असतो: बोट, चेहरा, कार्ड की पासवर्ड. रिपोर्टमध्ये तो बहुधा दाखवलेला नसतो, कच्च्या नोंदीत मिळतो. तिथे कार्ड किंवा पासवर्ड दिसला तर प्रश्न संपला, दुसऱ्याने पंच मारला आहे. ‘बोट लागत नाही म्हणून तात्पुरता पासवर्ड’ दिलेला असतो आणि तो कायमचा राहतो.

मोड बोटाचा असेल आणि माणूस वेगळा असेल, तर जुळणीची पातळी बघा. बऱ्याच मशीनमध्ये सगळ्यांतून एक ओळखण्यासाठी ही पातळी मुळात ३५ आणि कोड टाकून एकाशीच ताडण्यासाठी १५ असते. कामगारांची बोटं लागत नाहीत अशी ओरड झाली की कोणीतरी ३५ ची २५ करून जातो. त्या दिवशी गेटवरची रांग पळते, सगळे खूश. पण आता मशीन अर्धवट जुळणाऱ्या बोटालाही हो म्हणतं. कागदावर हिशेब मांडा: एका तुलनेत चुकीची जुळणी लाखात एक धरली आणि मशीनमध्ये ५०० बोटं असली, तर प्रत्येक पंचला दोनशेत एक चूक होऊ शकते. रोज ४०० पंच असतील तर दिवसाला दोन. पातळी सैल केली की हा आकडा झपाट्याने वाढतो. कामगार खोटं बोलत नसतो, मशीननेच त्याचा पंच दुसऱ्याच्या नावावर टाकलेला असतो.

इलाज: पातळी मूळच्या ३५ वर आणा. ज्यांची बोटं खरोखरच लागत नाहीत अशा मोजक्या लोकांना ‘आधी कोड, मग बोट’ अशी पद्धत लावा. तिथे ताडणी एकाशीच होते, त्यामुळे १५ ची पातळीही चालते.

आणि बोटं लागत का नाहीत? याचं उत्तर कामात आहे. लेथ-मिलिंगवर कूलंट आणि बारीक चिप्समुळे अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेषा झिजतात. कांद्याच्या खळ्यावर गोणी उचलणाऱ्यांचंही तेच. पॅकहाउसमध्ये हंगामात दिवसभर हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून बोटं सुरकुततात. निफाडकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कातडी इतकी कोरडी पडते की ऑप्टिकल सेन्सरला रेषा तुटक दिसतात. तेव्हा बोटावर फुंकर मारून लावलं तर लगेच घेतं. नागपंचमीला किंवा लग्नसराईत बोटांच्या टोकांवर मेंदी असली तर आठ-दहा दिवस मशीन नाही म्हणणारच.

म्हणून नोंदणी अशी करा: प्रत्येकाची तीन बोटं, त्यातलं एक डाव्या हाताचं. उजवा अंगठा शक्यतो नको, कामात तोच सगळ्यात जास्त झिजतो. अनामिका आणि मधलं बोट चांगली टिकतात. रुजू होण्याच्या दिवशी स्वच्छ हाताने केलेल्या नोंदणीवर समाधान मानू नका, पंधरा दिवस काम केल्यावर पुन्हा एकदा करा. बोटाचं टोक नाही, मधला फुगीर भाग काचेवर सपाट टेकायला हवा. काचेवरचा तेलकट थर सेलोटेप हलकेच चिकटवून उचलला तरी निघतो. थिनर किंवा ओला फडका लावू नका.

आणखी एक कारण शोधायला अवघड जातं: सोडून गेलेल्या कामगाराचा कोड नव्याला दिला. ऑफिसच्या मशीनमधून जुन्याची बोटं काढली, पण मागच्या गेटच्या मशीनमध्ये ती तशीच राहिली. ठेकेदाराकडून तोच जुना माणूस पुन्हा कामावर आला, मागच्या गेटवर त्याने बोट लावलं आणि पंच नव्याच्या खात्यावर पडला. कोड पुन्हा वापरूच नका. पाच आकडी कोडची मालिका कोणत्याही कारखान्याला आयुष्यभर पुरते.

चेहऱ्याचं मशीन सकाळीच का चुकतं

दिवसभर ठीक चालणारं चेहऱ्याचं मशीन पहिल्या शिफ्टला नेमकं अडतं, तेही वर्षातल्या ठरावीक महिन्यांत. कारण ऊन. नाशिकच्या अक्षांशावर सूर्य उगवण्याची जागा वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते: जूनमध्ये ईशान्येकडे, डिसेंबरमध्ये आग्नेयेकडे. म्हणजे पावसाळ्याआधी सावलीत असलेलं मशीन डिसेंबरात सरळ उन्हात येतं, किंवा कामगाराच्या पाठीमागून ऊन येऊन त्याचा चेहरा काळा पडतो. बसवताना सप्टेंबरमध्ये चाचणी केलेली असते, मग कोणाच्या लक्षात येणार!

मशीनची दिशा उत्तर-दक्षिण करता आली तर सर्वात उत्तम. नाही जमलं तर वर आणि दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन फुटांची अपारदर्शक पत्र्याची छपरी करा. पारदर्शक शीट लावू नका, तिचा काही फायदा नाही. डब्ल्यूडीआर (एकाच चित्रातला लख्ख उजेड आणि अंधार सांभाळणारी सेटिंग) चालू करा, पण ते छपरीची जागा घेत नाही.

श्रावणात बरेच जण दाढी करत नाहीत. दाढी वाढली की काही जणांना मशीन ओळखत नाही आणि श्रावण संपल्यावर गुळगुळीत चेहऱ्यालाही नाही म्हणतं, कारण मधल्या काळात कोणीतरी दाढीसकट नवी नोंदणी करून जुनी पुसलेली असते. जुनी ठेवूनच दुसरी जोडा, मशीनला ती सोय असेल तर. स्कूटरवरून येताना बांधलेला स्कार्फ, हेल्मेट आणि पॅकहाउसमधला मास्क मशीनच्या दोन पावलं आधीच उतरवायला लावा. तिथे एक पाटी आणि एक हूक पुरे.

कॅमेऱ्याला माणूस ओळखू येतो का

गेटचा एकच कॅमेरा ट्रक, आवार आणि हजेरी असं सगळं दाखवेल, ही अपेक्षा आकड्यांत बसत नाही. अनोळखी माणूस फुटेजवरून ओळखण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला २५० पिक्सेल हा रूढ मापदंड आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे १९२० पिक्सेल देतो, म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदी. सॉफ्टवेअरने आपोआप चेहरा जुळवायचा असेल तर दोन डोळ्यांमध्ये निदान ६० पिक्सेल हवेत. डोळ्यांतलं अंतर सहा सेंटीमीटरच्या आसपास असतं, म्हणून मीटरला जवळपास हजार पिक्सेल लागले आणि तोच कॅमेरा दोन मीटरपेक्षा कमी रुंदी झाकतो. म्हणजे हजेरीच्या जागेसाठी २.८ ते १२ मिलिमीटरचा व्हेरिफोकल (दृश्य जवळ-दूर करता येणारा) लेन्स असलेला एक स्वतंत्र कॅमेरा घ्या.

तो वर टांगू नका. चेहरा दीड मीटर उंचीवर असतो. तीन मीटरवरचा कॅमेरा दोन मीटर अंतरावरून सुमारे ३७ अंशांतून खाली बघतो आणि त्याला फक्त टोपी दिसते. २.१ मीटर उंची आणि सव्वादोन मीटर अंतर ठेवलं की कोन १५ अंशांवर येतो. बोट लावताना माणूस खाली बघतो, म्हणून मशीननंतर चालताना जिथे तो समोर बघतो त्या दिशेने कॅमेरा लावा.

रात्रपाळीचे चेहरे पुसट येत असतील तर शटर ऑटोवरून काढून १/१०० वर ठेवा आणि मशीनसमोर २० वॅटची एलईडी बॅटन लावा. ६० हर्ट्झची सेटिंग राहिली असेल तर चित्रावर पट्टे सरकतात; ५० करा. इथे मोशनवर, म्हणजे हालचाल दिसली तरच सुरू होणारं, रेकॉर्डिंग ठेवू नका. सुरुवातीचे एक-दोन सेकंद सुटतात आणि पंच नेमका त्यातच असतो.

मशीन मध्येच बंद-चालू होत असेल

मॅग्नेटिक लॉक आणि मशीन एकाच १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर असेल तर दार सुटताना मशीनही रीस्टार्ट होतं आणि तो पंच नोंदवलाच जात नाही. लॉकला वेगळा पुरवठा द्या आणि लॉकच्या तारांवर उलटा झटका अडवणारा १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसला. केबल शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेवर लांब अंतरात व्होल्टेज पडतं.

फुटेज किती दिवसांचं

पगार सात तारखेला होतो, तक्रार दहाला येते आणि ती मागच्या महिन्याच्या दोन तारखेची असते. म्हणजे ३८-३९ दिवसांपूर्वीचं फुटेज हवं. २ एमबीपीएसवर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी घेतो, आठ कॅमेरे जवळपास १७३ जीबी. ४ टीबीची डिस्क २३ दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. ४५ दिवस हवे असतील तर ८ टीबीची सर्व्हेलन्स डिस्क घ्या, किंवा हजेरीचा कॅमेरा ४५ दिवस आणि बाकीचे २० दिवस अशी मर्यादा लावा.

चोरी-मारामारीत पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) लिहावी लागते. घड्याळ चुकीचं होतं असं तेव्हा लक्षात आलं तर वेळ बदलायची नाही. आधी फाइल काढायची, फरक मोबाईलशी ताडून लिहायचा आणि तो कागद सोबत द्यायचा.

बोटं आणि चेहरे हा वैयक्तिक विदा (डेटा) आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. मशीनचा पासवर्ड अजून कारखान्यातून आलेला असेल तर आजच बदला. माणूस सोडून गेला की हिशेब पूर्ण झाल्यावर त्याची बोटं आणि चेहरा प्रत्येक गेटच्या मशीनमधून, सॉफ्टवेअरमधून आणि बॅकअपच्या पेनड्राइव्हमधूनही काढा. कोणत्या मशीनमधून कधी काढलं हे फुल अँड फायनलच्या कागदावरच एका ओळीत लिहून सही घ्या.